गहाणखत, घर आणि आपला वकील

परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या आयुष्यात स्वतःचे घर घेणे हा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. वीसपंचवीस वर्षांची मिळकत त्यात गुंतते. असे असूनही जो गृहस्थ तांदूळसुद्धा चार दुकाने हिंडून पारखून घेतो, तोच घराच्या कागदांवर मात्र बोट दाखवतील तेथे सह्या करून मोकळा होतो. "बँकेच्या वकिलाने कागद तपासले आहेत, मग आपला निराळा वकील कशाला?" हा प्रश्न मंडळाच्या बैठकींत आमच्या कानांवर वारंवार येतो. त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांइतकेच इतिहासातही सापडते. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गहाण हा व्यवहार आपल्याला नवा नाही. जमीन ऋणकोच्याच वहिवाटीत ठेवून ती केवळ तारण म्हणून लिहून द्यावयाची ते नजरगहाण. जमिनीचा ताबाच धनकोकडे द्यावयाचा ते कबजेगहाण. आणि ठरल्या मुदतीत रक्कम न फेडल्यास विक्री कायम व्हावी अशा शर्तीची ती मुदतखरेदी. हे शब्द खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी होते. शब्द ठाऊक असूनही माणसे बुडाली, कारण दस्त लिहिणारा, वाचून दाखविणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा बहुधा सावकाराच्याच बाजूचा असे. शेतकऱ्याच्या वाट्यास येई तो फक्त अंगठा.

या विषमतेचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला चढे भाव आले व सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मिळेनासे झाले आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढविला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वये कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली होती. व्याज साचू नये हा तिचा हेतू. परंतु घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि त्यात मागील व्याज मुद्दल म्हणून सामील होई. सुप्यास जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, परंतु त्यांचा रोख मुख्यतः दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून त्यांनी जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. मात्र माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे घडले. लोकांचा राग कागदावर होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. त्यातील दोन तरतुदी आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एक, रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर आले. दुसरी, शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत असे ठरले. दस्तात काय लिहिले आहे हे ऋणकोला त्रयस्थ माणसाकडून समजले पाहिजे, हे तत्त्व त्यायोगे सरकारने मान्य केले. शिक्षणाने आपली स्थिती पालटली हे खरे. परंतु बँकेच्या बारीक अक्षरांतील चाळीस पानांच्या करारासमोर बसलेला आजचा पदवीधर आणि सुप्याचा तो शेतकरी यांत आपण समजतो तितके अंतर नाही.

पुढे १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा अमलात आला. त्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आजच्या गृहकर्जाशी विशेष संबंध आहे तो हक्काचे मूळ कागद धनकोकडे ठेवून केलेल्या गहाणाचा. कलकत्ता, मद्रास, मुंबई यांसारख्या व्यापारी शहरांतील सावकारीच्या सोयीसाठी हा प्रकार कायद्यात आला आणि नंतर अधिसूचनांनी इतर शहरांत पसरला. शंभर रुपये वा अधिक रकमेच्या इतर गहाणास नोंदणीकृत दस्त लागतो. या प्रकारास मात्र कागद हवाली करणे पुरते. परिणामी दुय्यम निबंधकाच्या दप्तरात पुष्कळदा त्याचा मागमूसही नसे. हा दोष दूर व्हावा म्हणून २०११ साली 'सरसाई' या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय नोंदवही सुरू झाली. विक्रेत्याने मूळ कागदांऐवजी नकला पुढे केल्या, तर चांगला वकील प्रथम हेच विचारतो की मूळ कागद आहेत तरी कोठे?

पगारदार माणसाला घरासाठी कर्ज मिळणे ही तर अगदी अलीकडची गोष्ट. केंद्र सरकारच्या आमच्यासारख्या नोकरांसाठी १९५६ पासून घरबांधणी अग्रिमाची योजना आहे. त्यात घर गहाण पडते ते थेट भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे! १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी केवळ गृहकर्जासाठी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केली; २०२३ साली ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने थकबाकीदाराचे तारण न्यायालयात दावा न लावता, रीतसर नोटिशीनंतर, ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला. कर्ज सुलभ झाले आणि धनकोचा हातही बळकट झाला.

बँकेचा वकील प्रामाणिक नसतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु त्याचा अशील बँक असते. आपली रक्कम वसूल होईल काय, एवढाच बँकेचा प्रश्न. तिच्यापाशी घराखेरीज ऋणकोचा पगार असतो, कधी जामीनदारही असतो. खरेदीदाराचा प्रश्न याहून मोठा आहे. या घरात आपण आणि आपली मुले निर्वेधपणे राहू शकू काय? विक्रेत्याच्या बहिणींचा हिस्सा बाकी नाही ना? २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, तेव्हा हा प्रश्न आता औपचारिक राहिलेला नाही. इमारतीचा नकाशा मंजूर आहे काय? सोसायटीची थकबाकी किती? हक्कात खोट निघून उद्या घर गेले, तरी कर्ज फेडण्याचे वैयक्तिक बंधन सुटत नाही. घर गेले आणि हप्ता राहिला, याहून मध्यमवर्गीय कुटुंबावर मोठी आपत्ती ती कोणती?

दिल्लीचेच उदाहरण पाहू. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाने असंख्य भूखंड व सदनिका भाडेपट्ट्याने दिल्या. त्यांच्या हस्तांतरास परवानगी लागे व वाढीव किमतीचा मोठा वाटा भरावा लागे. तो चुकविण्यासाठी कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र असे त्रिकूट करून घरे हातोहात विकली जाऊ लागली. १९९२ पासून भाडेपट्ट्याचे पूर्ण मालकीत रूपांतर करून घेण्याची सोय झाली, तरी ही चाल थांबली नाही. अखेर ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. पुढे २०१९ मध्ये दिल्लीतील अनधिकृत वसाहतींसाठी निराळा कायदा झाला. कोणत्या वसाहतीस कोणता नियम लागतो हे पुण्याचा नामांकित वकील पत्राने सांगू शकणार नाही; त्यासाठी तेथील कचेऱ्यांत वावरणाराच हवा.

म्हणून वकील स्थानिक असावा, हा पहिला निकष. शिवाय जुने दस्त त्याला वाचता आले पाहिजेत. आपल्याकडे जुन्या कागदांना मोडी वाचणारा लागतो, तसा दिल्ली-पंजाबकडे उर्दू लिपीतील दस्त वाचणारा लागतो. दुसरा निकष, तो विक्रेत्याने, बिल्डरने किंवा दलालाने सुचविलेला नसावा. एका पक्षास ज्या प्रकरणी सल्ला दिला त्याच प्रकरणी विरुद्ध पक्षाचे काम वकिलाने घेऊ नये, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. तिसरा, त्याने मत तोंडी न देता लेखी द्यावे व किती वर्षांचे दप्तर पाहिले हे त्यात नमूद करावे. तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे तो उगाच नव्हे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने गहाण सोडवून घेण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत दिली आहे, पूर्वी ती साठ वर्षांची होती. चौथा, फी आगाऊ ठरवावी व ती कोणकोणत्या कामाची हे विचारून घ्यावे. पाचवा, बयाणा देण्यापूर्वी त्याच्याकडे जावे. बयाणा दिल्यावर विचारलेला सल्ला म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका पाहण्यासारखे आहे.

कर्ज फिटल्यानंतरही एक काम उरते. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत करणे व बोजा नोंदला असल्यास तो उतरविणे धनको संस्थेवर बंधनकारक झाले. तिच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसामागे पाच हजार रुपये भरपाई ठरली. कागद परत आल्यावर मूळ यादीशी ताडून पाहावेत.

वकिलांना जाहिरात करण्यास आपल्या देशात मनाई आहे. तेव्हा चांगला वकील सापडतो तो अनुभवी माणसांच्या शिफारशीनेच, आणि नव्या शहरात बदलून आलेल्या मराठी कुटुंबास अशी माणसे भेटतात ती बहुधा मंडळातच. गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांबरोबर, आपले कागद कोणी वाचले व कसे वाचले ही माहिती नवागतास देणे हेही मंडळाचे एक कार्य आम्ही समजतो. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले, कारण आपल्या बाजूने ते वाचणारा त्यांना कोणी नव्हता. आपल्याला तो मिळू शकतो. त्याला शोधण्याचा आळस मात्र कोणी करू नये.