वाटाड्या



दिवाळीला पुतणी घरी आली होती. तिचा एम.ए.चा प्रबंध पर्यटनातल्या गाईडवर आहे. "काका, गाईडवर जगभर संशोधन झालंय," म्हणाली. मला हसू आलं. आम्हा मास्तरांच्या लेखी गाईड म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं वाचतात ते! पण तिचं ऐकता ऐकता माझीच एक जुनी चूक आठवली.

एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९८५ साली गाईडवर एक लेख लिहिला. त्याच्या मते आजच्या गाईडचे पूर्वज दोन. एक वाटाड्या, दुसरा गुरू. वाटाड्या त्याच मुलखातला, कुठे शिकलेला नाही, पण वाटा पाठ. गुरू पाहिलेल्याचा अर्थ सांगणारा. काळ बदलला तसं गाईडचं काम वाटाड्याकडून गुरूकडे झुकत गेलं. पुढे २०१५ मध्ये बेटी वाईलर आणि रोझमेरी ब्लॅक यांनी आढावा घेतला. गाईड आधी नुसतं एकतर्फी सांगायचा, मग सहलीचा अनुभव बेतून द्यायला लागला, आता पाहुण्यांच्या जोडीने तो घडवतो, असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्याकडचं. मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूर तालुक्यातल्या चौकला मुक्कामाला होते. चौकच्या पाटलाला सोबत घेऊन ते माथेरानचा डोंगर चढले. पुढे माथेरान वसलं, मॅलेट पुस्तकात गेले. पाटील राहिला गोष्टीपुरता.

मी कर्जतला शिकवत असताना सहामाहीला हमखास विचारायचो, 'माथेरानचा शोध कोणी लावला?' एका ठाकर मुलाने लिहिलं, 'कोणी नाही. आमची माणसं आधीपासून वर जायची.' मी लाल फुली मारली. दोनपैकी शून्य.

त्याच वर्षी कोंढाण्याच्या लेण्यांना सहल नेली. गवत कमरेएवढं, वाट चुकलो. तोच मुलगा पुढे झाला आणि सगळ्यांना नीट पोचवलं. वर गेल्यावर मी चैत्यगृह, लाकडी बांधकामाची दगडातली नक्कल, यावर अर्धा तास बोललो. गुरू मी, वाटाड्या तो! घरी आल्यावर पेपर मात्र पुन्हा काढून पाहिला नाही.

खोपोलीच्या वर बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका. लोकांनी त्याचं देऊळ बांधलं. मी वर्गात त्याच्यावर एक वाक्यही बोललो नाही.

पुतणीला म्हटलं, प्रबंधासाठी आमच्या ठाकरवाड्यांत, कातकरवाड्यांत ये. वाट कोण दाखवतं, काय काय सांगतं, ते त्यांच्या नावासकट लिही.

असो. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याचे दोन गुण माझ्याकडे आहेत.