झालरी शार्कची पिल्ले: पाहिली केव्हा, छापली केव्हा

1940 साली न्यूयॉर्कमध्ये यूजीन विलिस गड्जर यांचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. विषय होता झालरी शार्कची वीण, तिची जननेंद्रिये आणि गर्भाची बाहेरून दिसणारी वाढ. लेख बॅशफोर्ड डीन यांच्या टिपणांवर आणि चित्रांवर आधारलेला आहे, हे गड्जर यांनी शीर्षकातच नोंदवले. डीन मात्र 1928 मध्येच वारले होते. म्हणजे कागदावरचे साल 1940 असले, तरी गर्भ प्रत्यक्ष पाहिले गेले ते त्याच्या कितीतरी आधी. या माशाबद्दलच्या लिखाणात जो गोंधळ आढळतो, त्यातला बराचसा ही दोन साले एक मानल्याने झाला आहे, असे माझे मत आहे.

तसे हे पहिल्यापासूनच चालत आले आहे. 1879 ते 1881 या काळात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुडविग ड्योडरलाइन जपानमध्ये होते. त्यांनी या शार्कचे दोन नमुने व्हिएन्नाला आणले, वर्णनही लिहिले. पण ते हस्तलिखित गहाळ झाले. मग 1884 मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयातील सॅम्युएल गारमन यांनी आपले वर्णन छापले आणि क्लॅमिडोसेलॅकस अँग्विनियस हे नाव रूढ झाले. छापील वर्णनाला मान द्यायचा हा शास्त्राचा नियम योग्यच आहे. तरीही अभ्यासकाच्या नजरेने हा मासा प्रथम टिपला तो ड्योडरलाइन यांनी, हे इतिहासात लिहून ठेवायलाच हवे.

गारमन यांच्यापुढे सागामी उपसागरातली एक मादी होती, लांबी सुमारे दीड मीटर. एवढ्यावरून नवी प्रजाती उभी करण्याचे धाडस त्यांनी केले, कारण समोरचा मासा कशातच बसत नव्हता. आपल्या बाजारातली मुशी आठवा: तोंड खालच्या अंगाला, बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. या माशाचे तोंड थेट मुस्काटाच्या टोकाशी, फटी सहा, आणि पहिली फट गळ्याखालून आडवी जाऊन पलीकडच्या फटीला मिळालेली. कल्ल्यांच्या कडा बाहेर डोकावतात, तीच ती झालर. जबड्यात सुमारे तीनशे दात. प्रत्येक दाताला सुईसारखी तीन टोके, तीही घशाकडे वळलेली. याच दातांवरून वाद पेटला. एडवर्ड कोप यांनी या माशाचा संबंध कोळसायुगातल्या जीवाश्म शार्कशी जोडला, थिओडोर गिल यांनी त्याला विरोध केला. हे सगळे 1884 मध्येच घडले.

पिल्लांकडे लक्ष वळायला आणखी चौदा वर्षे गेली. 1898 मध्ये निशिकावा यांनी काही गर्भांवरची टिपणे जपानी प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात छापली. त्यानंतर आले डीन. कोलंबिया विद्यापीठाचे हे प्राध्यापक 1900-01 मध्ये आणि पुन्हा 1905 मध्ये जपानला गेले. तोक्यो विद्यापीठाच्या मिसाकी इथल्या सागरी केंद्रात त्यांनी काम केले. तिथे खोल पाण्यातले दुर्मीळ मासे हाती येत. डीन यांनी झालरी शार्कची अंडी आणि गर्भ मिळवले, जपानी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली. पण हे काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्यांना जुन्या चिलखतांचाही तेवढाच ध्यास होता. पुढे ते मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या शस्त्र-चिलखत विभागाचे प्रमुख झाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी शिरस्त्राणांचे आराखडे करू लागले. शार्कची चित्रे तशीच राहिली. गड्जर यांनी ती लावून, जुन्या नोंदींशी ताडून छापली आणि श्रेय ज्याचे त्याला दिले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्यामुळेच आज पाहणाऱ्याचे साल आणि छापणाऱ्याचे साल वेगळे काढता येते.

ती चित्रमाला काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. मेलेल्या मादीच्या पोटातून निघालेला गर्भ मोजता येतो, त्याचे वय मोजता येत नाही. लहानापासून मोठ्यापर्यंत गर्भ ओळीने मांडले की वाढीचा क्रम कळतो. दोन चित्रांमध्ये एक महिना गेला की सहा, ते कळत नाही. लांबीचेही तसेच. पिल्लू बलकाभोवती वळलेले असते, मोठ्या माशाच्या लांबट शेपटीचे टोक तुटलेले असू शकते, आणि मद्यार्कात ठेवलेला नमुना आकसतो. म्हणून जुना आकडा वाचताना मासा ताजा होता की बरणीतला, हे आधी विचारावे.

काळाचा हिशोब आला तो 1990 मध्ये. शो तानाका आणि सहकाऱ्यांनी सुरुगा उपसागरातल्या माशांवर निबंध छापला. एका विणीत 2 ते 15 पिल्ले, सरासरी 6. गर्भ 3 सेंटीमीटरचा असताना डोके टोकदार, जबडे जेमतेम उमटलेले, पण पर सगळे आलेले. 6 ते 8 सेंटीमीटरला अंड्याचे पातळ वेष्टन गळून आईच्या शरीराबाहेर पडते. बलकाची पिशवी 40 सेंटीमीटरपर्यंत जवळजवळ तेवढीच राहते, मग आटू लागते आणि 50 च्या सुमारास बहुतेक संपते. वाढ महिन्याला सरासरी 1.4 सेंटीमीटर. या दरावरून गर्भकाळ साडेतीन वर्षांचा असावा, असा निष्कर्ष निघाला.

साडेतीन वर्षांचा हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, तेव्हा भागाकार स्वतः करून पाहावा. जन्मतेवेळी पिल्लू 40 ते 60 सेंटीमीटरचे असते. 60 ला 1.4 ने भागले तर जवळपास 43 महिने येतात, 40 ला भागले तर 29 च्या आतबाहेर. या माशाला विणीचा ठरावीक हंगाम नाही, त्यामुळे महिन्यांवरून पडताळा घेणेही अवघड. म्हणजे साडेतीन वर्षे हा थेट पाहिलेला काळ नव्हे, तो एका दरावर उभा असलेला अंदाज आहे. अंदाज भक्कम आहे, पण तो अंदाज म्हणूनच लिहिला पाहिजे.

2009 मध्ये आणखी एक बदल झाला. डेव्हिड एबर्ट आणि लिओनार्ड कॉम्पॅग्नो यांनी आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याजवळचा झालरी शार्क वेगळी जाती ठरवला. त्याच्या कण्यात मणके कमी, आतड्यातल्या सर्पिल पडद्याला वेढेही कमी, आणि तो आकारानेही लहान. त्याआधी हे मासेही जपानी नावाखालीच नोंदले जात. तेव्हा 2009 पूर्वीच्या कोणत्याही नोंदीत या शार्कची लांबी दिसली, की मासा कुठल्या पाण्यातला होता हे पाहूनच तो आकडा कोणत्या जातीच्या नावे मांडायचा ते ठरवावे लागते. सागामी आणि सुरुगामधली मापे मात्र गारमन यांनी दिलेल्या नावाखालीच राहतात.