घर विकून फ्लोरिडाला

साठी-पासष्टीला आलेल्या अमेरिकन जोडप्याने ओहायोतलं किंवा न्यूयॉर्कमधलं घर विकायचं, सामान ट्रकवर चढवायचं आणि फ्लोरिडात नाहीतर ॲरिझोनात छोटं घर घेऊन उरलेलं आयुष्य तिथे काढायचं, हा रिवाज आता इतका मुरला आहे की त्याचं कारण कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: थंडी. उत्तरेत चार-पाच महिने बर्फ उपसावा लागतो, म्हातारपणी सांधे धरतात, दक्षिणेला ऊन आहे, म्हणून माणसं जातात. हे खोटं नाही. पण उत्तरेतला बर्फ आणि फ्लोरिडातलं ऊन दीडशे वर्षांपूर्वीही होतं, आणि तेव्हाचे म्हातारे मुलाच्या किंवा लेकीच्या घरी, बहुधा त्याच गावात डोळे मिटत. कुठे जायचं ते ऊन सांगतं. राहतं घर का विकायचं, याचा उलगडा त्यातून होत नाही. त्यासाठी पेन्शन, गृहकर्ज आणि करकायदे यांच्याकडे बघावं लागतं. या रिवाजाचा खरा इतिहास माझ्या मते तिथेच आहे.

हिवाळ्यापुरतं जाणं वेगळं आणि चंबूगबाळं आवरून कायमचं जाणं वेगळं. पहिला प्रकार जुना. रेल्वेवाल्या हेन्री फ्लॅग्लरने १८८८मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला पाँस द लिऑन हे आलिशान हॉटेल उघडलं, ते उत्तरेतल्या धनिकांच्या हिवाळ्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर फोर्डच्या गाड्या आवाक्यात आल्या तसे बेताच्या ऐपतीचे लोकही निघाले. गाडीत तंबू, खायला डबाबंद अन्न. १९१९मध्ये टँपाच्या डी सोटो पार्कमध्ये या मंडळींनी आपली संघटनाच काढली, ‘टिन कॅन टुरिस्ट्स’, आणि सभासदाची खूण म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर झाळून बसवलेला रिकामा डबा. स्थानिक दुकानदारांना हे पाहुणे फारसे आवडत नसत, कारण ते खर्चच करत नसत. तर हे दोन्ही वर्ग, हॉटेलातले आणि तंबूतले, वसंत लागला की घरी परतत. उन्हाची ओढ त्यांनाही होती. घर विकायची गरज मात्र कुणालाच वाटली नाही. नुसत्या उन्हाने माणूस हंगामी पाहुणा होतो, यापलीकडे काही सिद्ध होत नाही.

आता याच्या शेजारी सेंट क्लाउड ठेवून बघा. फ्लोरिडाच्या मध्यभागी, जुन्या उसाच्या मळ्यांच्या परिसरात १९०९मध्ये सेमिनोल लँड अँड इन्व्हेस्टमेंट कंपनीने हे गाव वसवलं. गिऱ्हाईक एकच: यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले, आता साठी-सत्तरीला आलेले सैनिक. गावातले रस्ते मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया अशा राज्यांच्या नावांचे, म्हणजे ज्याला जिथली आठवण येईल त्याने त्या रस्त्याने फिरावं. ज्या राज्याच्या फौजेवर तरुणपणी गोळ्या झाडल्या तिथेच म्हातारपण काढायला ही माणसं कशी आली? १८९०च्या कायद्याने युद्धात लढलेल्या आणि आता अंगमेहनतीला असमर्थ झालेल्या सैनिकाला पेन्शन मिळू लागली होती, मग ते असमर्थपण युद्धातल्या जखमेमुळे आलेलं असो वा नसो. ही पेन्शन वॉशिंग्टनहून येई, आणि ती ओहायोच्या पत्त्यावर येते की फ्लोरिडाच्या, याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. मुलाच्या शेतावर अवलंबून असलेला म्हातारा मुलाला सोडून जाऊ शकत नाही. ज्याचे पैसे टपालाने येतात तो जाऊ शकतो. उन्हाळी प्रदेशातल्या पहिल्या निवृत्त वसाहतींपैकी एक पेन्शनरांची असावी, हा योगायोग नव्हे.

ही सोय सामान्य नोकरदारांनाही मिळायला १९३५ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सोशल सिक्युरिटी कायद्यावर त्या ऑगस्टमध्ये सही केली. मासिक पेन्शनचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० रोजी आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंच्या नावाने निघाला: २२ डॉलर ५४ सेंट. फुलरबाई राहायच्या व्हरमाँटमध्ये, म्हणजे ऐन बर्फात. शंभर वर्षं जगल्या, १९७५मध्ये वारल्या, आणि व्हरमाँट सोडून गेल्या नाहीत. माझ्या म्हणण्याविरुद्ध हा पुरावा म्हणून कुणी पुढे करील, की पेन्शन आली तरी माणूस हलत नाही. बरोबर आहे. पेन्शनने जाण्याची मुभा मिळते, जाण्यासाठी लागणारं भांडवल मिळत नाही. बावीस डॉलरमध्ये दुसऱ्या राज्यात घर होत नसतं. ते भांडवल आलं घरातून.

महामंदीपूर्वी अमेरिकेत गृहकर्ज तीन ते दहा वर्षांचं असायचं. किमतीच्या निम्मे पैसे आधीच मोजायचे आणि मुदत संपली की मुद्दल एकदम फेडायचं किंवा कर्जाचं नूतनीकरण करायचं. बँकेने नकार दिला की घर गेलं. १९३४मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाली आणि सरकारी हमीमुळे वीस, पुढे पंचवीस-तीस वर्षांची, समान हप्त्यांची कर्जं रूढ झाली. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना हीच वाट आणखी सोपी करून दिली. १९४०मध्ये देशातली ४३.६ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, १९६०मध्ये ६१.९ टक्के. या आकड्यांत एक वेळापत्रक दडलं आहे. पस्तिशीत तीस वर्षांचं कर्ज काढलेल्या माणसाच्या घरावरचा बोजा पासष्टीला उतरतो, म्हणजे नेमका तो निवृत्त होतो तेव्हा. पगार थांबतो त्याच सुमारास घर मोकळं होतं, मुलं बाहेर पडलेली असतात आणि चार खोल्या रिकाम्या असतात. एवढी मोठी रक्कम सामान्य माणसाच्या हाती आयुष्याच्या त्या टप्प्यावर, एवढ्या संख्येने, पूर्वी कधी आली नव्हती.

ती रक्कम मोकळी करून घेण्यात एक अडचण होती: भांडवली नफ्यावरचा कर. १९५१च्या कायद्याने सवलत दिली ती अशी, की घर विकून वर्षभरात तितक्याच किंवा जास्त किमतीचं घर घेतलं तर कर पुढे ढकलता येईल. आपल्याकडच्या १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ याच कुळातलं. तेही नफा दुसऱ्या घरात घातला की सूट देई आणि विकणाऱ्याचं वय विचारत नसे. बढती मिळून मोठं घर घेणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला ही सवलत लाभाची होती. मोठं घर विकून लहान आणि स्वस्त घर घेणाऱ्या म्हाताऱ्याचे हात मात्र ती बांधून ठेवत होती. १९६४मध्ये अमेरिकेने वाट बदलली: पासष्टी गाठलेल्याला घरविक्रीच्या नफ्यावर प्रथमच सरळ सूट मिळाली, विक्रीच्या पहिल्या २०,००० डॉलरांपुरती. १९७८मध्ये वयाची अट ५५वर आली आणि सूट एक लाख डॉलरच्या नफ्यापर्यंत गेली. १९८१मध्ये ती सव्वा लाख झाली. आयुष्यात एकदाच, अशी अट होती. म्हणजे म्हातारपणी घर एकदा विकणं हा आयुष्यक्रमातला टप्पा म्हणून करकायद्यातच लिहिला गेला. पैसा कुठे न्यायचा याचं आमंत्रण तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. फ्लोरिडाने १९२४मध्येच घटनादुरुस्ती करून प्राप्तिकर आणि वारसाकर यांना राज्यात बंदी घातली होती. हा निर्णय पेन्शनरांसाठी नव्हता, धनिकांसाठी होता. त्याचा लाभ मागाहून साध्या पेन्शनरांनीही घेतला.

विक्रेत्यांनी हे सगळं हेरलं नसतं तरच नवल. मॅकल बंधूंच्या कंपनीने फ्लोरिडातल्या पोर्ट शार्लटचे भूखंड दहा डॉलर रोख आणि दरमहा दहा डॉलर अशा हप्त्यांवर उत्तरेत बसलेल्या लोकांना विकले. घेणाऱ्या कित्येकांनी जमीन पाहिलीही नव्हती. १९५७मध्ये केप कोरल वसवायला घेतलेल्या रोझेन बंधूंनी त्यापूर्वी लॅनोलिन घातलेलं केसांचं औषध टीव्हीवरून खपवलं होतं, आणि जमीनही त्यांनी त्याच धडाक्याने खपवली. डेल वेबची पद्धत याहून वरचढ. ॲरिझोनात, फीनिक्सच्या वायव्येला कपाशीच्या शेतांवर त्याने सन सिटी उभारलं ते आधी गोल्फचं मैदान आणि करमणुकीचं केंद्र बांधून, म्हणजे येणाऱ्याला आश्वासन नको, डोळ्यांनी बघू दे. १ जानेवारी १९६० रोजी पाच नमुना घरं दाखवायला ठेवली. सर्वांत स्वस्त साडेआठ हजार डॉलरचं. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक आले आणि २३७ घरं विकली गेली. म्हाताऱ्यांना नातवंडांपासून दूर, फक्त म्हाताऱ्यांत राहायला आवडणार नाही, असं जाणकार सांगत होते. वेब बिल्डर होता, त्याने उत्तरेतल्या मोकळ्या झालेल्या घरांचा हिशेब केला असावा.

इथे एअर कंडिशनरचा मुद्दा निघतो. वाळवंटात जून-जुलै काढायचे तर ते यंत्र लागतंच, तेव्हा श्रेय त्याला द्या, असं पुष्कळ इतिहासकार म्हणतात. पण १९६०च्या जनगणनेत देशातल्या साधारण आठांपैकी एका घरात ते होतं. फ्लोरिडाची लोकसंख्या तर त्याआधीच्या दहा वर्षांत पावणेअठ्ठावीस लाखांवरून साडेएकोणपन्नास लाखांवर गेली होती. शिवाय थंड हवेने कारखाने आणि तरुण कामगारही दक्षिणेला आले. ते कारण सगळ्यांना लागू आहे, म्हणूनच पासष्टीतल्या माणसाबद्दल वेगळं काही सांगत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की हा रिवाज मुळात फार थोड्यांचा आहे. जनगणनेप्रमाणे पाच वर्षांच्या काळात साठीपुढच्या शंभरांतले जेमतेम चार-पाच जण राज्य बदलत. १९८०च्या मोजणीत त्यांतला पाव हिस्सा एकट्या फ्लोरिडात गेला होता. बाकीचे होते तिथेच. मग एवढा ऊहापोह कशाला? पण जाणारे कोण होते ते पाहिलं तर आक्षेपच उपयोगी पडतो. ते बहुतेक विवाहित, धडधाकट, घरमालक आणि बऱ्या पेन्शनचे. थंडी सगळ्यांनाच वाजते. निघता आलं ते यांना. याची उलट बाजू कॅलिफोर्नियात दिसते. १९७८मध्ये तिथे प्रपोझिशन १३ मंजूर झालं. घर विकलं जात नाही तोवर मालमत्ता करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, विकलं की बाजारभावाने नवी आकारणी. राज्यातल्या राज्यात लहान घर घ्यायचं म्हटलं तरी कर वाढणार, तेव्हा माणसं मोठ्या रिकाम्या घरांत बसून राहू लागली. शेवटी १९८६मध्ये ५५ वर्षांवरच्यांना जुनी आकारणी त्याच काउंटीतल्या नव्या घरावर नेण्याची मुभा द्यावी लागली. ऊन तेच, माणसं तीच, कायदा बदलला तसं हलणं बदललं.

या स्थलांतराचा भुर्दंड कुणी सोसला, हा प्रश्न मला जास्त बोचतो. सन सिटीच्या रहिवाशांची मुलं उत्तरेतल्या शाळांत, इतरांच्या करावर शिकून मोठी झाली होती. सन सिटी ज्यात मोडत होतं त्या पिओरिया शाळा जिल्ह्यातल्या मुलांसाठी रोखे उभारायचा प्रश्न आला तेव्हा या मतदारांनी १९६२ ते १९७४ या काळात सतरा प्रस्ताव पाडले. जिल्ह्याने अखेर सन सिटीलाच आपल्या हद्दीतून वगळलं. दुसरीकडे कॅलिफोर्नियासारखी राज्यं सोडून गेलेल्या पेन्शनरांच्या मागे कराची बिलं धाडत होती: पेन्शन आमच्याकडे कमावली, तेव्हा कर आमचा. १९९६च्या केंद्रीय कायद्याने ते बंद केलं. पिओरियाच्या मुलांची बाजू मला पटते, आणि कॅलिफोर्नियाचा युक्तिवादही लोक म्हणतात तितका लोभी वाटत नाही.

१९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेले मराठी डॉक्टर-इंजिनिअर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याच वाटेला लागले आहेत. फ्लोरिडातल्या टवारेस गावी भारतीय निवृत्तांसाठी ‘शांतिनिकेतन’ नावाची वसाहत आहे. शाकाहारी जेवण आणि प्रार्थनेची खोली ही तिथली खासियत. आपल्या संस्कृतीत आईवडील मुलांपाशी राहतात, हा युक्तिवाद तिथे फारसा टिकत नाही, कारण मुलं सिॲटलला किंवा बॉस्टनला असतात आणि पेन्शन, मेडिकेअर हा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, फिटलेलं घर हे सगळं शेजारच्या अमेरिकनासारखंच असतं. पुढचा प्रवासही सारखाच. युजीन लिट्वाक आणि चार्ल्स लाँगिनो या समाजशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये दाखवून दिलं की उन्हाकडची ही पहिली हालचाल. जोडीदार गेला किंवा हातपाय थकले की दुसरी होते, बहुधा मुलांच्या गावाकडे. जुन्या कायद्यातली आयुष्यात एकदाची सूट तोवर वापरून झालेली असे. १९९७मध्ये ती अट गेली, वयाचीही गेली. आता एकट्या माणसाला अडीच लाख, जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ आहे, दर दोन वर्षांनी, आणि फ्लोरिडातलं घर विकून उत्तरेला परतणाऱ्या विधवेला कर सहसा आडवा येत नाही.