ऑर्व्हिएतो : ख्रिस्तशरीराच्या सणाचें नगर

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुमारें सव्वा तासाच्या अंतरावर, ऑर्व्हिएतो हें प्राचीन नगर एका उभ्या कड्यावर वसलेलें आहे. सकाळीं निघालेला यात्रिक सायंकाळीं सहज परततो. परंतु काय पाहावयाचें हें आधीं ठाऊक असेल तरच तो दिवस सत्कारणीं लागतो.

परंपरा अशी कीं, १२६३ सालीं रोमच्या यात्रेस निघालेला एक बोहेमियन धर्मगुरु बोल्सेना येथें मिस्सा अर्पीत होता. पवित्र भाकरींत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो काय, या शंकेनें त्याचें मन व्याकुळ झालें होतें. (शंका असूनही त्यानें वेदी सोडली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.) त्या समयीं भाकरींतून रक्त ठिबकून वेदीवरील वस्त्र भिजलें. तें वस्त्र ऑर्व्हिएतोच्या महामंदिरांत आजही जतन केलेलें आहे.

तथापि, वाचकहो, एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पोप चवथे उर्बान यांनीं ११ ऑगस्ट १२६४ रोजीं ज्या आज्ञापत्रानें हा सण अखिल ख्रिस्तसभेस लावून दिला, त्यांत बोल्सेनाचा उल्लेखही नाहीं. सणाचें मूळ बेल्जममधील लिएज येथें आहे. तेथील संत जुलियाना हिनें या सणाचा ध्यास घेतला व १२४६ सालीं तेथील बिशपांनीं तो आपल्या धर्मप्रांतांत सुरू केला. पुढें जुलियानेस विरोधामुळें मठ सोडावा लागला. १२५८ सालीं ती परक्या जागीं मरण पावली. उर्बान हे पूर्वीं त्याच लिएजमध्यें आर्चडीकन होते. हें ऐकून कित्येकांचा विरस होतो. तो कां व्हावा, हें मला कळत नाहीं. चमत्कार न मागतां झिजलेल्या स्त्रीची श्रद्धा कमी मोलाची काय? सणाच्या उपासनेची रचना परंपरेनें संत तोमास आक्विनास यांची मानली जाते. तेही त्या काळीं ऑर्व्हिएतोंतच होते.

महामंदिराची कोनशिला १३ नोव्हेंबर १२९० रोजीं पोप चवथे निकोलस यांनीं बसविली. काळ्या-पांढऱ्या पाषाणाच्या पट्ट्यांच्या भिंती दुरूनच नजरेंत भरतात. लोरेन्झो माइतानी यानें १३१० पासून बांधकामाची धुरा वाहिली. दर्शनी भिंतीच्या पायथ्याशीं जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचा इतिहास कोरलेला आहे. निरक्षर शेतकऱ्यास तो जणूं धर्मशिक्षणाचा ग्रंथच.

आंत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्यें मात्र वेळ काढावा. फ्रा आंजेलिको यांनीं १४४७ सालीं आरंभिलेलीं चित्रें लुका सिन्योरेली यानें १४९९ ते १५०४ या काळांत पूर्ण केलीं. त्यांतील ख्रिस्तविरोधकाचा चेहरा हुबेहूब ख्रिस्तासारखा आहे. केवळ त्याच्या कानाशीं सैतान कुजबुजत असतो. मीं पाहिलेल्या प्रवचनांत इतकें भेदक प्रवचन विरळा!

उरलेल्या वेळांत संत पॅट्रिकची विहीर पाहावी. रोमच्या १५२७ च्या लुटीनंतर येथें आश्रयास आलेले पोप सातवे क्लेमेंत यांनीं ती खोदविली. तिला दोन स्वतंत्र चक्री जिने असून प्रत्येकास २४८ पायऱ्या आहेत. पाणी वाहणारीं जनावरें एकानें उतरत व दुसऱ्यानें चढत. ख्रिस्तशरीराच्या सणास तें वस्त्र मिरवणुकीनें नगरांतून नेतात. त्या सुमारास जाणाऱ्यानें पहाटेचीच गाडी धरावी.