किनाऱ्यापासून सात मीटर

इअरफोन घरी विसरलात किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, अशांसाठी हा या भागाचा लिखित अवतार. मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा जणांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीवर उडणारं एक मॉडेल विमान बनवायला घेतलं होतं. थर्माकोल, बाल्साच्या पट्ट्या, आणि हातांना चिकटून चार-चार दिवस न निघणारा गोंद. एकदा एक सर आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे रे, पण याचा उपयोग काय?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. विमान दोनदा उडालं, तिसऱ्यांदा ग्राउंडशेजारच्या गुलमोहरात अडकलं, आणि मग प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला. विषय संपला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. आजची गोष्ट अशा पोरांची आहे, ज्यांना हाच प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारला गेला असणार.

तारीख २३ एप्रिल १९८८. ठिकाण ग्रीसमधलं क्रीट बेट, हेराक्लिओन शहराची धावपट्टी. सकाळचे साधारण सात. धावपट्टीवर एक विमान उभं आहे. त्याच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ३४ मीटर. पुणे-दिल्ली करताना आपण ज्या एअरबस ए-३२० मध्ये बसतो ना, जवळपास तेवढी. आणि वजन? ३१ किलो. घरचा भरलेला गॅस सिलेंडर उचलून बघा, साधारण तेवढंच. विमानाला इंजिन नाही. आत सायकलसारखी पेडल आहेत आणि ती मारायला कानेलोस कानेलोपुलोस नावाचा ग्रीक सायकलपटू अर्धवट आडवा होऊन बसलाय. त्याचं स्वतःचं वजन विमानाच्या दुपटीहून जास्त आहे.

त्याला जायचंय सँटोरिनी बेटावर. मध्ये समुद्र. अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाण्याएवढं. तेही पाण्यावरून, काही मीटर उंचीवर, सतत पेडल मारत. पाय थांबले की विमान खाली.

विमानाचं नाव होतं डेडलस. ग्रीक पुराणात क्रीटमध्ये कैदेत पडलेला हा कारागीर पिसं आणि मेण लावून पंख बनवतो आणि मुलाला, म्हणजे इकारसला, घेऊन उडून जातो. मुलगा सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळतं, तो समुद्रात पडतो. आपण सगळे पोराची गोष्ट लक्षात ठेवतो. पण बाप नीट पोचला होता हे विसरतो! या टीमने नाव बापाचं घेतलं.

टीम होती एमआयटीची. पुण्यातली नव्हे, अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सची. विद्यार्थी, नुकतेच पास झालेले, काही प्राध्यापक, अशी खिचडी. प्रमुख होता जॉन लँगफर्ड आणि पंखांचं गणित बघत होता मार्क ड्रेला. ड्रेला हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं मागे जाऊया, कारण ही पोरं काही आभाळातून पडली नव्हती.

१९५९ साली हेन्री क्रेमर नावाच्या ब्रिटिश उद्योगपतीने ५,००० पौंडांचं बक्षीस लावलं. माणसाच्या ताकदीवर उडणारं विमान बनवा आणि अर्ध्या मैलावर उभ्या केलेल्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवा. दोनच वर्षांत, ९ नोव्हेंबर १९६१ ला, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं 'सम्पॅक' हे विमान जमिनीवरून उठलं. पायलट होते डेरेक पिगट. अंतर सुमारे ६४ मीटर. हसू नका. फक्त स्वतःच्या ताकदीवर माणूस जमिनीवरून उठला आणि उडाला, अशी ही पहिली अधिकृत नोंद आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या नावावर आहे. जपानमध्ये निहोन विद्यापीठाचे प्राध्यापक हिदेमासा किमुरा तर आपल्या मुलांकडून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून अशी विमानं बनवून घ्यायचे. त्यांचं पहिलं 'लिनेट' १९६६ ला उडालं. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कुठून येतो ते तुम्हाला माहितीय, मी काही बोलत नाही.

बक्षीस मात्र विद्यार्थ्यांना मिळालं नाही. रक्कम वाढत वाढत ५०,००० पौंडांवर गेली आणि १९७७ ला पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन इंजिनीअरच्या 'गॉसमर काँडर'ने ती जिंकली. दोन वर्षांनी त्याच्याच 'गॉसमर अल्बट्रॉस'ने इंग्लिश खाडी ओलांडली. दोन्ही वेळा पेडलवर होता ब्रायन ॲलन.

एमआयटीची पोरं यातून शिकत होती. १९७९ ला त्यांनी 'क्रिसॅलिस' नावाचं दोन मजली पंखांचं विमान उडवलं. मग क्रेमरने वेगाची स्पर्धा लावली: १,५०० मीटरचा त्रिकोणी मार्ग तीन मिनिटांच्या आत. यात एक गंमतशीर नियम होता. उड्डाणाआधी दहा मिनिटं पायलटने पेडल मारून ऊर्जा साठवली तर चालेल. एमआयटीच्या 'मोनार्क'ने नेमकं तेच केलं. पायलट आधी पेडल मारून बॅटरी चार्ज करायचा आणि मग पाय आणि मोटर मिळून विमान ओढायचे. ११ मे १९८४ ला फ्रँक शोशिया या पायलटने तो मार्ग पूर्ण केला आणि २०,००० पौंड टीमच्या हातात आले. आज आपण ज्याला हायब्रिड म्हणतो ते हेच की! चार्जिंग पॉइंट तेवढा माणसाच्या मांड्यांमध्ये होता.

त्यानंतर त्यांना डेडलसचं वेड लागलं. इथे बक्षीस नव्हतं. पुराणातली गोष्ट खरी करून बघायची, बस्स.

हे सगळं इतकं अवघड का, ते समजून घेऊ. तगडा सायकलपटू तासन् तास किती ताकद देऊ शकतो? साधारण २०० वॉट. घरातले तीन सीलिंग फॅन. मिक्सर तर त्यावर धड चालणारही नाही. आणि एवढ्या ताकदीत माणसाला हवेत चार तास धरून ठेवायचंय. इंजिन मोठं करण्याचा पर्यायच नाही, कारण इंजिन म्हणजे आईने जन्माला घातलेला माणूस. मग एकच रस्ता उरतो, गरज कमी करायची. पंख लांब ठेवले की खूप साऱ्या हवेला हळूच खाली ढकलून वर राहता येतं, थोड्या हवेला जोरात ढकलावं लागत नाही. त्यात ऊर्जा वाचते. पण लांब पंख म्हणजे जास्त वजन. मग कार्बन फायबरच्या पातळ नळ्या, फोमच्या फासळ्या, वरून जेमतेम ताणलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. प्रत्येक ग्रॅमवर भांडण.

पायलटचाही असाच हिशोब झाला. येल विद्यापीठातले शरीरशास्त्राचे संशोधक ईथन नेडल यांनी माणूस हेच इंजिन धरून चाचण्या घेतल्या. चार तासांत घामावाटे जाणारं पाणी आणि स्नायूंची संपणारी साखर कशी भरून काढायची? त्यांनी साखर आणि मिठाचं एक पेय बनवलं, जे पायलटने उडताना पीत राहायचं. आपल्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. पण प्रमाण किती, दर तासाला किती, हे मोजून ठरवणं हे काम होतं. आणि मोजण्यातच हे लोक दादा होते.

जानेवारी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर, सुकलेल्या तलावाच्या सपाट पात्रावर, त्यांच्या 'लाइट ईगल' या चाचणी विमानाने ५८ किलोमीटरपेक्षा जास्त उड्डाण केलं. मग खरी डेडलस विमानं बनली. त्यातलं एक फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याच तळावर कोसळलं. ग्रीसच्या मोहिमेला जेमतेम दोन महिने राहिले होते. मी त्या जागी असतो तर? खरं सांगतो, गुलमोहरात अडकलेलं विमान काढायला आम्ही शिडीसुद्धा मागायला गेलो नव्हतो.

ते गेले. ग्रीसमध्ये जाऊन बसले आणि वाऱ्याची वाट बघत राहिले. हे विमान एवढं हलकं की वारा नको, लाटा नकोत, आणि सूर्य वर यायच्या आत बरंचसं अंतर कापलं पाहिजे. पायलट पाच होते आणि ज्या दिवशी हवा जमेल त्या दिवशी ज्याची पाळी, तो उडणार. २३ एप्रिलला पाळी निघाली कानेलोपुलोसची. पाचांत ग्रीक तो एकटाच. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही काय!

वारा पाठीमागून हलका होता. खाली सोबतीला बोटी. तो पेडल मारत राहिला, पेय पीत राहिला. एक तास, दोन तास, तीन तास. सँटोरिनी दिसू लागलं. पेरिस्साचा किनारा काळ्या वाळूचा आहे, ज्वालामुखीचा. उन्हात अशी वाळू तापते आणि तिच्यावरची हवा अस्थिर होते. त्यात समोरून वारा. उतरण्यासाठी विमान वाऱ्याकडे वळवलं आणि झोत आला. आधी शेपटीचा दांडा मोडला, मग पंख. विमान पाण्यात पडलं, किनाऱ्यापासून सुमारे सात मीटरवर.

कानेलोपुलोस मोडक्या विमानातून बाहेर पडला आणि पोहत किनाऱ्याला लागला. ३ तास, ५४ मिनिटं, ५९ सेकंद. ११५.११ किलोमीटर. माणसाच्या ताकदीवरचा अंतराचा हा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही.

हा भाग तयार करताना माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे शेवटी बुडालंच ना?" हो, बुडालं. आणि ते परत कधी कोणाला सँटोरिनीला घेऊनही गेलं नाही. तिकीट काढून बसता येईल असं त्यातून काहीच निघालं नाही. सरांचा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो.

पण ड्रेलाकडे परत या. पंखाचा आडवा छेद कसा असावा, त्यावरून हवा कशी वाहील, हे कमी वेगाच्या विमानांसाठी नीट सांगणारं साधन तेव्हा हाताशी नव्हतं. म्हणून त्याने १९८६ मध्ये स्वतःच एक सॉफ्टवेअर लिहिलं, 'एक्सफॉइल'. पुढे ते सगळ्यांसाठी फुकट, खुलं झालं. आज ड्रोन बनवणारे, पवनचक्कीची पाती आखणारे, ग्लायडरवाले, जगभरची कॉलेजची पोरं ते वापरतात. आमच्या त्या थर्माकोलच्या विमानाचा पंख आम्ही कशावर तपासला होता, सांगू? सीनियरने पेनड्राइव्हवर दिलेल्या एक्सफॉइलवर. काळी स्क्रीन, कमांड टाइप करायच्या, आणि आम्ही त्याला शिव्या घालायचो. ते कुणी, कशासाठी लिहिलंय याचा पत्ताही नव्हता. कळलं ते आत्ता, या भागाची तयारी करताना. रात्री दीडला एकटाच हसलो.

लँगफर्डने पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, 'ऑरोरा फ्लाइट सायन्सेस' ही कंपनी काढली, जी आता बोइंगकडे आहे. ड्रेलाने नंतर नासासाठीच्या एका अभ्यासात कमी इंधनात उडणाऱ्या 'डी-८' या प्रवासी विमानाची कल्पना मांडणाऱ्या टीममध्ये काम केलं.

आणि मूळ गणित तर आज जास्तच टोचतं. एक किलो विमानाच्या इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये साधारण २५०. इलेक्ट्रिक मोटर ऊर्जा कमी वाया घालवते हे धरलं तरी दरी प्रचंड राहते. म्हणजे धूर न सोडणारं विमान हवं असेल, तर इंजिन बदलून भागत नाही. पुन्हा गरज कमी करण्यापाशीच यावं लागतं. जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाचं 'ई-जीनियस' याच विचारातून ग्लायडरसारखे लांब पंख घेऊन आलं आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'ग्रीन फ्लाइट चॅलेंज'मध्ये दुसरं आलं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मुलांनी चार आसनांचं एक किट विमान घेऊन ते बॅटरीवर चालवलं, 'ई-स्लिंग', पहिलं उड्डाण सप्टेंबर २०२२. नंतर ते हायड्रोजनकडे वळले. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांची टीम द्रवरूप हायड्रोजनच्या मागे लागलीय. द्रवरूप म्हणजे शून्याखाली सुमारे २५३ अंश. माझ्या वर्कशॉपमध्ये एसी नव्हता.

या टीम्समधली बहुतेक मुलं एक-दोन वर्षांत पास होऊन जातात. विमान पुढच्या बॅचच्या गळ्यात पडतं, अर्ध्या वायरी आणि कुणाच्या तरी अक्षरातल्या वह्यांसकट. वह्या नीट लिहिल्या नसतील तर सगळं पहिल्यापासून. आमची वही अजून माझ्याकडे आहे. परवा उघडली, तर शेवटच्या पानावर गुलमोहराचं एक चित्र आणि खाली चौघांची कॅन्टीनची उधारी.

तुमच्यापैकी कोणी कॉलेजात असं काही बनवत असाल, उडो वा न उडो, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात टोरंटोच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलू. त्यांनी २०१० मध्ये पंख फडफडवत उडणारं विमान पायांवर चालवलं. १९ सेकंद उडालं.