भुतांच्या रात्रीचे पक्वान्न



स्मरणिकेसाठी मंडळाने माझ्याकडे एखादी पाककृती मागितली होती. मी देते आहे त्यात पाककृती थोडी आहे आणि हकीकतच जास्त आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण या पदार्थाने माझ्या जिवाला असा काही घोर लावला की मुलीला बरोबर घेऊन त्याचा इतिहास वाचून काढावा लागला.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. २०२३ च्या वैशाखात आमची आई गेली, तेव्हा तिला वेळेवर येता आले नाही. त्या वर्षी कोजागिरी होऊन तीन दिवस झाले आणि तिचा फोन आला. ३१ ऑक्टोबरला तिकडे ‘हॅलोविन’ असतो, म्हणजे भुताखेतांची रात्र. तिच्या सात वर्षांच्या मुलाचे सवंगडी खायला यायचे होते आणि ती काचेच्या मोठ्या भांड्यात थराथराचे पक्वान्न करीत होती. तळाशी चॉकलेटचा केक, त्यावर लाल जेली, त्यावर कस्टर्ड आणि सर्वांत वर काळ्या बिस्किटांचा चुरा. हा चुरा म्हणजे माती! त्या मातीत लांबट बिस्किटे उभी खोवली की झाली थडगी.

मी म्हटले, “अगं, सणासुदीच्या दिवसांत हे कसलं अभद्र!”

ती रडवेली होऊन म्हणाली, “ताई, त्याचसाठी फोन केला. बिस्किटांवर नावं लिहितात इथं. हा म्हणतो, एकावर आजीचं नाव लिहू. काय करू?”

“मुळीच लिहू देऊ नकोस,” एवढेच बोलून मी फोन ठेवला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोराने वाईट मनाने का म्हटले होते? त्याची आजीच ती.

मग शोध सुरू केला. या पक्वान्नाला इंग्रज ‘ट्रायफल’ म्हणतात, म्हणजे ‘क्षुल्लक वस्तू’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते नुसते सायीचे होते, साखर, आले आणि गुलाबपाणी घातलेले. थर आले अठराव्या शतकात. तेव्हा तळाशी दारूत भिजवलेली बिस्किटे असत आणि वर कस्टर्ड. त्या काळची गाजलेली सुगरण हॅना ग्लास. तिचे पाकशास्त्राचे पुस्तक १७४७ साली निघाले, तर त्यावर तिचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढेच छापले होते! पुढे १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली, कारण त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. अंडे न खाणाऱ्या आपल्या घरांतही कस्टर्ड रुळले ते या बिनअंड्याच्या पावडरीमुळेच.

आता ती रात्र. आयर्लंड-स्कॉटलंडकडे फार पूर्वी सुगी संपली, गुरे रानातून घरी आली की ‘सावीन’ नावाचा सण होई. त्या रात्री गेलेली माणसे घराकडे फिरकतात अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. आपल्या गोव्यातही त्या दिवशी ख्रिस्ती लोक कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. इंग्लंडात गोरगरीब आणि मुले दारोदार जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्यांना छोटे गोड केक मिळत. आयर्लंडात मनुका घातलेल्या ‘बार्मब्रॅक’ नावाच्या पावात अंगठी, नाणे, चिंधी लपवीत. अंगठी आली तर लग्न, नाणे आले तर पैसा आणि चिंधी आली तर दारिद्र्य!

हे वाचताना मला आपला पितृपंधरवडा आठवला. आपण नाही का खीर-वडे करून पितरांचे पान वाढीत आणि कावळ्याची वाट पाहत?

मग १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा रोग पडला. दुष्काळ १८५२ पर्यंत चालला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून कमी नाहीत इतकी देश सोडून गेली, त्यांतली पुष्कळ अमेरिकेला. आईबापांच्या कबरी मागे राहिल्या. बरोबर काय नेता आले? सण तेवढा नेला. गावी सलगमचा कंद कोरून दिवा करीत, तिकडे लाल भोपळा मिळाला, तो कोरू लागले. पुढे नातवंडांच्या हाती गंमत उरली आणि आठवण मागे पडली. बिस्किटांची थडगी ही त्या गमतीतलीच.

हे सारे मी बहिणीला फोनवर सांगितले. तीही देश सोडून गेलेलीच, आईच्या अंत्यदर्शनाला मुकलेली. पुष्कळ वेळ ती बोललीच नाही.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. आपल्याकडे त्या दिवशी यमतर्पण असते. बहिणीने सकाळी पणत्या लावल्या, संध्याकाळी भोपळ्यात दिवा ठेवला आणि तेच पक्वान्न केले. बिस्किटांवर नाव लिहिले नाही. पण पहिली वाटी मुलाने स्वतः भरली आणि आजीच्या तसबिरीपुढे ठेवली. मगच मुलांची पंगत बसली.

आता कृती. दहा-बारा मुलांसाठी एक लिटर दूध, पाच चमचे कस्टर्ड पावडर, आठ चमचे साखर. पावडर थंड दुधात कालवून उकळत्या दुधात घालावी आणि सतत ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. बाजारच्या जेलीत बहुधा प्राणिजन्य जिलेटिन असते. शाकाहारी घरात चायना ग्रासची जेली करावी. केकवर जेली नीट घट्ट झाल्यावरच गार कस्टर्ड ओतावे. बिस्किटे पिशवीत घालून लाटण्याने चुरावीत आणि चुरा अगदी वाढतेवेळी पसरावा, नाहीतर तो सादळतो.

थडगी लावायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पहिली वाटी मात्र आपल्या माणसासाठी बाजूला काढावी, एवढेच माझे सांगणे.