संग्राह्य पत्त्यांचे खेळ

विकत घेऊन वा अदलाबदलीने जमविलेल्या पानांतून स्वतःचा जोड रचून खेळावयाचा, बहुधा दोघांचा, बैठा खेळ. रूढ पत्त्यांत ५२ पानांचा एकच जोड सर्वांस समाईक असतो. येथे मात्र प्रत्येकाचा जोड निराळा असतो व त्यातील पानांची निवड हा खेळाचाच पूर्वार्ध ठरतो. अमेरिकेत ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा या प्रकाराचा आद्य नमुना होय. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड हे त्याचे जनक असून विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो प्रसिद्ध केला.

या खेळात प्रत्येक खेळाडूस आरंभी २० जीवनगुण व ७ पाने मिळतात. ‘भूमी’ या पानांपासून शक्ती प्राप्त होते आणि ती खर्चून प्राण्यांची व मंत्रांची पाने खेळली जातात. एका पाळीत सामान्यतः एक पान उचलता येते व एकच भूमी मांडता येते. प्रतिस्पर्ध्याचे जीवनगुण शून्यावर आणणारा विजयी होतो.

पाने बंद पाकिटांतून विकली जात व काही मुद्दाम थोडी छापली जात. खेळाडू मोजकीच पाकिटे घेतील व प्रभावी पाने विरळच राहतील, अशी गारफील्ड यांची अपेक्षा होती. म्हणून जोडात किमान ४० पाने असावीत, एवढेच बंधन होते. एकाच पानाच्या कितीही प्रती चालत. प्रत्यक्षात खेळाडूंनी पाकिटे भराभर खरेदी केली. एकेका प्रभावी पानाच्या अनेक प्रती जोडात येऊ लागल्या आणि कौशल्यापेक्षा पैशाचे पारडे जड झाले. त्यामुळे १९९४ च्या आरंभी स्पर्धांसाठी नवे नियम झाले : जोड किमान ६० पानांचा असावा, मूळ भूमी वगळता एका पानाच्या चारांहून अधिक प्रती नसाव्यात, ‘ब्लॅक लोटस’सारख्या पानांची एकच प्रत असावी.

या नियमांनी जोडरचनेस गणिती शिस्त आली. ६० पानांत चार प्रती असल्यास पहिल्या ७ पानांत त्यांपैकी एक तरी येण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. पाने वाढविल्यास ती घटते. म्हणून जाणते खेळाडू किमान संख्येवरच थांबतात. २४ भूमी ठेवल्यास पहिल्या हातात त्यांतील सरासरी २.८ येतात.

ब्रायन वाइसमन यांच्या जोडाने प्रतिस्पर्ध्याची पाने निष्प्रभ करून आपल्या हातात अधिक पाने राखण्याचे तत्त्व रूढ केले. याउलट, जे श्नायडर यांच्या कल्पनेवर आधारलेल्या व १९९६ मध्ये पॉल स्लाय यांनी खेळलेल्या जोडात दुबळी समजली जाणारी, अल्पखर्ची पाने होती. प्रत्येक पाळीतील शक्ती पुरेपूर वापरली जाईल, अशी त्यांची मांडणी केलेली होती. दुर्मिळ पानांवाचूनही नेटका जोड रचता येतो, हे त्यावरून दिसून आले.

खर्चाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९९५ मध्ये केवळ अलीकडील संचांतील पानांचा स्पर्धाप्रकार सुरू झाला. त्याने जुन्या दुर्मिळ पानांची गरज संपविली; परंतु नव्या पानांची सततची खरेदी अटळ केली. जपानमध्ये १९९६ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’ पत्त्यांत ६० पाने व चार प्रती, तर १९९९ मधील ‘यू-गी-ओ’मध्ये किमान ४० पाने व तीन प्रती, अशा मर्यादा आढळतात. ज्या स्पर्धांत सर्वांस सारखीच बंद पाकिटे देऊन तेथेच जोड रचावयास लावतात, त्यांत संग्रहाचा लाभ उरत नाही; दैव आणि निवडीचे कौशल्य एवढेच निर्णायक ठरते.